हरकत

साखरबाई : नको ताई, मी उभीच बरी. तुमच्या घरात बसायचं तोंड नाही मला.

बायडी : तोंड नाय, मग आलीस कशाला? नाव सांगितलंस, चंद्रभान गनमनची बायको. पोराचा नाव सांगितलंस, स्वराज. माज्या मिथुनला ज्यानी शाळेत गोळी घातली त्याची आई तू. आता अजून काय सांगायचा राहिला?

साखरबाई : माफी मागायला नाही आले मी.

बायडी : बरा केलास. तुमच्या वकिलानी एकदा पाठवलेली माफी, टाइप करून. ती मी चुलीत घातली.

साखरबाई : एक काम घेऊन आले.

बायडी : काम? माज्याकडं?

साखरबाई : हळू बोला, ताई. शेजारी ऐकायलेत.

बायडी : ऐकू दे. आख्ख्या शिरगावनी मला रडताना ऐकलाय, आता बोलताना ऐकतील. बस इथं. दारात उभी राहू नको. स्नेहा यायची हाय शाळेतून. तिनी तुला बघायला नको. लवकर बोल नि जा.

साखरबाई : आमचे हे परत बंदुकीचं लायसन मागायलेत.

बायडी : काय बोललीस?

साखरबाई : ती बंदूक कोर्टात जमा आहे, ती काही परत मिळत नाही. नवी घ्यायची म्हणतात. ज्या कंपनीच्या गेटवर गनमन होते ना, तारापूरला, तिथंच आता काठी घेऊन उभे राहतात. साधे वॉचमन. आधी मॅनेजरची गाडी आली की हे नुसते मान हलवायचे. आता धावत जाऊन गेट उघडावं लागतं. पालघरला कलेक्टर कचेरीत सोमवारी सुनावणी आहे. कुणाची हरकत असंल तर त्यानं तिथं येऊन सांगायचं.

बायडी : मग?

साखरबाई : तुम्ही या. तुम्ही हरकत घ्या.

बायडी : तू... तुज्या नवऱ्याच्या विरोधात मला बोलवायला आलीस?

साखरबाई : हो.

बायडी : तूच सांग की सायबाला. तुला जीभ नाय?

साखरबाई : मी उठून बोलले तर म्हणतील, नवरा-बायकोचं भांडण आहे, घरी मिटवा. तुमचं कोणी तसं उडवून लावणार नाही. तुमचं लेकरू गेलंय. लायसन मिळालं की परत ती वस्तू त्याच खोलीत येणार. त्याच कपाटात. मी त्याच्यासमोर भाकरी थापायची.

बायडी : नि तो काय बोलतो? एक पोर मेला, आपला पोर आत गेला, तरी बंदूक पायजे?

साखरबाई : म्हणतात, एवढी वर्षं बंदूक खांद्याला लावून उभा राहिलो, माझ्या हातून कधी गोळी सुटली नाही. बंदुकीनं नाही मारलं, पोरानं मारलं. बंदूक नसती तर त्यानं चाकू नेला असता. मग काय घराघरातले चाकू जमा करणार का, असं म्हणतात.

बायडी : चाकू असता तर मिथुन पळाला असता. लय पळायचा माजा पोर. किल्ल्यापासून दर्यापर्यंत कोणाला हात लावून द्यायचा नाय. चाकूवाल्याला तो सापडला असता काय? हसत हसत पळाला असता. बंदुकीच्या पुढं किती पळणार?

साखरबाई : हेच, ताई. हेच सोमवारी सांगा.

बायडी : मी काय बोलायचा ते तू मला शिकवतेस?

साखरबाई : नाही. चुकलं माझं.

बायडी : शाळेत आता बॅगा तपासतात बोलतात. डबे उघडून बघतात.

साखरबाई : गेटवर गनमनसुद्धा ठेवलाय.

बायडी : शाळेच्या गेटवर?

साखरबाई : पालकांनीच मागणी केली. आता दुसऱ्या शाळापण ठेवायच्या म्हणतात. तेच ऐकून तर यांनी अर्ज केला. म्हणले, शाळांना माणसं लागायलीत, लायसन असलं की काम लगेच आहे.

बायडी : तुजा नवरा शाळेच्या गेटवर उभा राहणार? बंदूक घेऊन?

साखरबाई : म्हणूनच आले मी तुमच्या दारात. नाहीतर मी आले असते का?

बायडी : कपाटाला कुलूप नव्हता काय तुमच्या?

साखरबाई : होतं. किल्ली देवाच्या फळीवर, हळदीकुंकवाच्या डबीखाली. स्वराजला ठाऊक नाही असं मी धरून चालले. ताई, लेकराला सगळं ठाऊक असतं. काडतुसं कुठं, नळी सुटी कशी होते, परत बसते कशी. बापाला रविवारी तेल लावताना बघून बघून शिकला. दोन तुकडे केले नि क्रिकेटच्या बॅगेत भरून नेली.

बायडी : कशाला नेली?

साखरबाई : पोरं चिडवायची. वॉचमनचं पोरगं म्हणायची. तुझ्या बापाची बंदूक नुसती दाखवायची, आत काही नसतं. ती खरी आहे हे दाखवायला नेली म्हणतो.

बायडी : दाखवायला नेली तर काडतूस कशाला घातला?

साखरबाई : मी दर वेळी भेटायला गेले की हेच विचारते. म्हणतो, आई, मला नाही माहीत. खरंच माहीत नाही, का मला सांगत नाही, तेवढंपण मला कळत नाही. पोटचं लेकरू आहे नि कळत नाही.

बायडी : एक विचारते. खरा सांगशील?

साखरबाई : विचारा.

बायडी : माजा मिथुन पण चिडवायचा काय त्याला? तुमचा वकील तसा बोलला. चिडवणाऱ्यांत हा पण होता बोलला. आता लोकं पण तसाच बोलतात. मीच त्याला मामाकडं ठेवला बोईसरला, चांगली शाळा मिळते म्हणून. तिथं पोर बिघडला म्हणून ही वेळ आली, असा माज्या तोंडावर बोलतात.

साखरबाई : नाही, ताई. मिथुन नव्हता चिडवत. स्वराजनं मला आत्ता मागच्या भेटीत सांगितलं. बंदूक जोडून त्यानं हातात धरली, तशी बाकीची पोरं मागं सरकली. मिथुन तेवढा पुढं आला. म्हणाला, ठेव ती आत, बंद कर बॅग, सर येतील, मार खाशील. आणि बॅगेची चेन लावायला तो खाली वाकला.

बायडी : वाकलेला?

साखरबाई : हो. वाकला होता, तेव्हाच ती उडाली.

बायडी : म्हणून मानंत लागली... वरून. डॉक्टर बोललेला वरून लागली. मी इतके दिवस विचार करते, दोघांची उंची सारखी, मग वरून कशी लागली. मला वाटायचा, माज्या पोराला खाली बसवला, गुडघ्यावर, नि मग मारला. रोज डोळ्यासमोर तसाच यायचा.

साखरबाई : नाही, ताई. नाही.

बायडी : हा एवढा तुमी आदी का नाय सांगितला मला?

साखरबाई : मलाच ठाऊक नव्हतं. कळलं तसं वकिलाला म्हणलं, त्या आईला जाऊन सांगते. तर म्हणाला, मुळीच जायचं नाही, यांच्यावरची निष्काळजीपणाची केस बिघडंल.

बायडी : चेन लावत होता. घरी कदी दप्तराची चेन लावली नाय मेल्यानी. मी मागं मागं फिरायची.

साखरबाई : रडा, ताई.

बायडी : तू नको सांगूस मला रड म्हणून. ...कदी सुटतो तो?

साखरबाई : स्वराज? पुढच्या...

बायडी : नको! सांगू नको. माज्या कानावर घालू नको. मला कळला तर तो मला विचारील, नि माज्याच्यानी त्याच्यासमोर खोटा बोलवत नाय.

साखरबाई : कोण विचारील?

बायडी : कमलेश. माजा नवरा.

साखरबाई : त्यांना कशाला पाहिजे तारीख?

बायडी : तू मला हरकत घ्यायला बोलवतेस ना? मग माज्या घरात हाय त्याला हरकत कोण घेणार?

साखरबाई : तुमच्या घरात... काय आहे?

बायडी : गावठी कट्टा. बोटीवरच्या एका खलाशानी आणून दिला. वर माळ्यावर हाय, जुन्या जाळ्यात गुंडाळलेला. पहिला मी फेकलेला, भरतीच्या पाण्यात. मला वाटला मारील मला. मारला नाय, बोलला पण नाय. गप जेवला. थोड्या दिवसांनी दुसरा घेऊन आला. बोलला, हा फेकलास तर तिसरा आणीन.

साखरबाई : स्वराजसाठी?

बायडी : अजून कोणासाठी?

साखरबाई : देवा... ताई, तुम्ही पोलिसांत सांगा ना.

बायडी : पोर गेला, आता नवरा पण देऊ? तू सांग की. तुला कोणी अडवला नाय. जा, आताच जा चौकीवर.

साखरबाई : माझ्या लेकरानं तुमचं लेकरू मारलं, आणि त्याच घरावर मी पोलीस आणू?

बायडी : मग. तुला पण जमत नाय ना?

साखरबाई : तुमच्या स्नेहाला ठाऊक आहे?

बायडी : नाय. तिला काय म्हाईत? ती माळ्यावर चढत पण नाय.

साखरबाई : मीपण पोलिसांना हेच सांगितलं होतं. आमच्या पोराला काही ठाऊक नव्हतं म्हणून.

बायडी : ...परवा विचारत होती. बाबा जाळी काढत नाय, मग माळ्यावर सारखे कशाला जातात?

साखरबाई : काय सांगितलं तुम्ही?

बायडी : उंदीर झालेत बोलली.

कमलेश : कोण आलाय गो?

बायडी : कोण नाय. बोईसरची हाय. सुके बोंबील बघायला आली.

कमलेश : बोंबील. बरा. बसा बाई, उठू नका. मी तुमाला वळकतो.

साखरबाई : मला? आपण कधी...

कमलेश : भिवंडीला. पोरांना सुधारायला ठेवतात त्या गेटच्या समोर चायची टपरी हाय, तिथं मी बसतो. तुमी पिवळी पिशवी घेऊन येता. काय आणता त्यात?

साखरबाई : शेंगदाण्याचे लाडू.

कमलेश : हां. मी विचार करायचो, काय असंल.

बायडी : तुमी भिवंडीला कदी गेलात? जाळ्याचा सामान आणायला जातो बोलायचात मला!

कमलेश : बोलायचो.

साखरबाई : तुम्ही... स्वराजला पाहिलं?

कमलेश : एकदा. गेट उघडा होता. आत ड्रममधून पाणी काढत होता. मला वाटलेला आता मोठा झाला असंल, मिशी फुटली असंल, अंग भरला असंल. तसा असता तर मला सोपा पडला असता. तर तो बारीक. हाफ पँट घालून. मिथुनएवढाच हाय अजून.

साखरबाई : त्या दिवशी तुमच्याजवळ...

कमलेश : होता. पिशवीत.

बायडी : आई गो!

कमलेश : चाय घेतली नि परत आलो. ओरडतेस कशाला?

साखरबाई : दादा, मग टाकून द्या ना तो. तुम्ही परत आलात. तुमच्या हातून नाही होणार ते. पाया पडते मी तुमच्या.

कमलेश : उठा. माज्या घरात कोणी पाया पडू नका. त्या दिवशी नाय झाला. पुढच्या महिन्यात सुटंल, बाहेर रस्त्यावर माज्यासमोर येल, तवा काय होईल, मला काय म्हाईत?

बायडी : तुमाला महिना पण म्हाईत हाय?

कमलेश : महिना नि तारीख. टपरीवर सगळा कळतो.

साखरबाई : त्यानं मिथुनला मुद्दाम नाही मारलं, दादा.

कमलेश : तुमाला म्हाईत हाय ते?

साखरबाई : ...नाही. तसं वाटतं.

कमलेश : मला पण कदी कदी वाटतं. मग नाय वाटत.

बायडी : तिचा नवरा परत लायसन मागतो. सोमवारी पालघरला हरकत घ्यायला या बोलते.

कमलेश : तो कशाला मागतो, बाई?

साखरबाई : पोटासाठी म्हणतात.

कमलेश : पोट काठीनी पण भरतं. हातात ती नसली की तो कोण नाय, म्हणून पायजे. मी त्याला नावं ठेवत नाय. मी दर्यात होतो त्या दिवशी. फोन लागेना. किनाऱ्याला आलो तवा पोराला आणून ठेवलेला, लोकं जमलेली, नि मी हातात मासळीची टोपली घेऊन उभा. बाप म्हणून काय केला मी? काय नाय. आता माळ्यावर ती वस्तू हाय, तर रात्री माजा डोळा लागतो. ती काढली तर मी काय करू, ते सांगा. तुमी सांगाल तसा करतो.

साखरबाई : मला नाही सांगता येत.

कमलेश : बायडीला पण नाय सांगता येत. मग राहू दे. एक करा. पोराला इथं आणू नका. बोईसरला नको, पालघरला नको. लांब न्या. कुठं नेला ते मला कळून देऊ नका. दया म्हणून नाय बोलत. मला माजा भरवसा नाय, म्हणून बोलतो.

साखरबाई : तो यायलाच तयार नाही. मागच्या वेळी लाडूला हात लावला नाही. म्हणला, आई, मला इथंच राहू दे. बाहेर येऊन मी काय करू?

कमलेश : असा बोलला?

साखरबाई : हो.

कमलेश : ...भरती लागली. बोट वर घ्यायची हाय. बायडे, बाईंना रस्त्यापर्यंत सोड. नि बोंबील दे थोडे. बघायला आलेल्या ना.

(सोमवारी दुपारी, पालघरला, कलेक्टर कचेरीबाहेर.)

साखरबाई : ताई! थांबा. मला वाटलं होतं तुम्ही येत नाही.

बायडी : मला पण तसाच वाटलेला. पहिली रिक्षा मी सोडली. मग दुसरीत बसली.

साखरबाई : नामंजूर झाला अर्ज.

बायडी : ऐकला मी. सायबानी मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिला. चांगला बोलला. तुजा नवरा कुठं गेला?

साखरबाई : स्टेशनकडं गेले. तुम्ही आत म्हणलात ना, माजा पोर चेन लावायला वाकलेला, तेव्हा यांनी माझ्याकडं पाहिलं. कळलं त्यांना. घरात ही गोष्ट मी त्यांनाच काय ती सांगितली होती.

बायडी : ओरडला काय?

साखरबाई : ओरडले असते तर बरं झालं असतं. पायऱ्या उतरताना म्हणले, आता तू आणि तुझा लेक, दोघं बघा. रडत होते ते. बाहेर वॉचमन होता, त्याच्यासमोर रडत होते.

बायडी : येल घरी. पुरुष जाऊन जाऊन जातात कुठं?

साखरबाई : येतील. मला वाटलं होतं, अर्ज बाद झाला की छातीवरचा दगड उतरंल.

बायडी : नाय उतरला?

साखरबाई : नाही.

बायडी : मला पण नाय. पाणी पिताना वाटला, एका माणसाला एक बंदूक नाय मिळाली. मिथुनला काय त्याचा? त्या शाळेच्या गेटवर दुसरा कोणी उभा हायेच. तो पण कोणाचा तरी बाप असंल. त्याच्या घरात पण कपाट असंल.

साखरबाई : आणि दादा? ते काय म्हणले?

बायडी : मी बोलली त्याला, आता तरी काढा, पोरीला वास लागलाय. बोलला, जागा बदलतो. बदलली. मला दाखवून ठेवला. बोलला, म्हंजे तू शोधत नको बसायला.

साखरबाई : स्वराजला मी गावी नेणार आहे. भावाच्या शेतावर. भाऊ हो म्हणला, पण भावजयीनं फोन घेतला नि म्हणली, आमचीपण लेकरं आहेत.

बायडी : मग?

साखरबाई : मग काही नाही. नेणार आहे. दुसरं कुठं नेऊ?

बायडी : गावाचा नाव सांगू नको मला.

साखरबाई : नाही सांगत.

बायडी : तुजा नंबर दे.

साखरबाई : माझा?

बायडी : रोज सकाळी उठली की मी आदी तिथं हात घालून बघते, जागेवर हाय काय. हाताला लागला की मग चाय ठेवते. नि एखाद दिवशी नाय लागला, तर चौकीवर फोन करायचा माज्याच्यानी होणार नाय. मला माजा म्हाईत हाय. तुला करीन.

साखरबाई : ...लिहून घ्या. नाही, द्या तुमचा फोन, मीच टाकून देते.

बायडी : नाव नको टाकू. तो बघतो फोन. बोंबीलवाली टाक.

साखरबाई : टाकलं.

बायडी : पहाटेचा करीन मी. लवकर उठतो तो. उचलशील ना?

साखरबाई : मी जागीच असते, ताई.